सहा नंबरची जागा

प्रोग्रामरबाई आणि कोष्टककाका यांची पहिली भेट एका खुंटीवरून झाली. त्या भेटीत रक्त सांडलं नाही याचं कारण एवढंच, की त्या वेळी काकांच्या हातात फक्त पेन्सिल होती आणि तिलाही टोक नव्हतं.

बाईंचा हवामानखात्यातला तो पहिलाच दिवस. तीन मजले चढून, चार टेबलांवर सह्या करून, पुन्हा तेच तीन मजले उतरून त्या तळमजल्याच्या टोकाच्या खोलीत पोचल्या तेव्हा सकाळ संपत आली होती. खोली बोळासारखी लांबट. तीन लोखंडी कपाटं, दोन टेबलं, एक कॉम्प्युटर, आणि दाराजवळच्या फळीवर साऱ्या मजल्यासाठी नऊ खुंट्या. प्रत्येक खुंटीखाली रंगाने काढलेला आकडा. छत्र्या, पिशव्या, कुणाचा तरी मफलर असं सगळीकडे काही ना काही लटकत होतं. चार नंबरची खुंटी मोकळी होती. बाईंनी तिला पर्स अडकवली आणि हुश्श केलं.

"काढा," कपाट म्हणालं.

बाई दचकल्या. कपाटाच्या उघड्या दारामागून एक माणूस बाहेर येत होता. येत होता म्हणजे येतच होता. आधी चष्मा आला, मग कान आले, मग बराच वेळ नुसती मान आली, आणि आता संपला असं वाटत असताना गुडघे आले. पूर्ण उभा राहिल्यावर त्या माणसाचं डोकं ट्यूबलाइटच्या इतकं जवळ गेलं की बाईंना वाटलं, ती याच्यावरच चालते.

"रिकामी आहे की," बाई म्हणाल्या.

"रिकामी नाही. निवृत्त आहे."

"खुंटी?"

"ती नकाशेवाल्यांची. ते वारले."

"अरेरे. कधी?"

"एकोणीस वर्षं झाली."

"मग आता ते छत्री अडकवायला येणार आहेत का?"

यावर काकांनी बाईंकडे जे बघितलं ते बाईंच्या मते सव्वा तास चाललं. स्मशानात पत्त्यांचा डाव मांडणाऱ्या बाईकडे बघावं तसं ते बघणं होतं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने पर्स उचलली आणि दाराआडच्या नऊ नंबरच्या खुंटीला लावली. त्यानंतर सहा वर्षं जो कोणी दार उघडायचा तो आधी बाईंच्या पर्सला धडकायचा.

घरी गेल्यावर बाईंनी नवऱ्याला सांगितलं, "एक तर तो माणूस वेडा आहे, नाही तर मी चुकीच्या खात्यात गेलेय." दोन्ही अंदाज चुकले. बाईंना ते कळायला महिना लागला.

त्या खोलीतलं काम थोडक्यात असं. हवामान शब्दांनी जगभर फिरत नाही, आकड्यांनी फिरतं. एखाद्या केंद्रावर धुकं पडलं तर तिथला माणूस 'धुकं पडलंय' असं कळवत नाही, एक आकडा कळवतो. आणि दहा हजार किलोमीटरवरचं यंत्र कोष्टकात तो आकडा बघून म्हणतं, अच्छा, धुकं. एरवी कशावरही एकमत न होणारे सगळे देश या कोष्टकांवर मात्र एकमताने चालतात. पण नवी यंत्रं येतात, नव्या गोष्टी मोजता येतात, म्हणून वर्षातून दोनदा कोष्टकं सुधारली जातात. कुणी नवा आकडा मागतो, कुणी व्याख्येतला एक शब्द बदला म्हणतो, दोन देश एकमेकांना नमुन्याचे संदेश पाठवून बघतात, आणि ठरलेल्या बुधवारी दुपारी बारा वाजता जुनी आवृत्ती उतरते, नवी चढते. त्या बाराच्या ठोक्याला एखाद्या देशाचं कोष्टक जुनंच राहिलं तर त्याच्या पडद्यावर भर उन्हात बर्फ पडू लागतो. आपल्या पडद्यावर असा बर्फ पडू नये, एवढ्यासाठी काका गेली तेहतीस वर्षं त्या खोलीत बसले होते.

त्यांचा पहिला नियम म्हणजे ती खुंटी. एकदा दिलेला आकडा दुसऱ्याला द्यायचा नाही. यंत्र मोडीत गेलं, तरी त्याचा आकडा त्याचाच. कारण चाळीस वर्षांपूर्वीची नोंद आज उघडली तर तिच्यातल्या चारचा अर्थ चाळीस वर्षांपूर्वीचाच निघायला हवा.

दुसरा नियम ते नव्या माणसाला जेवणाच्या सुट्टीत ऐकवायचे. डबा अर्धा खाऊन झालेला असायचा, हातातला चमचा छडीसारखा हलायचा.

"शून्य म्हणजे काय?"

"काही नाही," बाई म्हणाल्या होत्या.

"चूक! शून्य म्हणजे मी गेलो, मी बघितलं, आणि पाऊस नव्हता. आणि मी बघितलंच नाही, तर त्याला वेगळी खूण आहे. कोष्टकातला सगळ्यात मोठा आकडा. तो म्हणजे 'माहिती नाही'. माहिती नाही म्हणायला लाज कसली? पण न बघता शून्य लिहिणारा माणूस या खात्यात नको. त्याने दुसरीकडे कुठेही जावं. मंत्री व्हावं."

हे म्हणताना काकांचे कान लाल व्हायचे. बाईंना वाटायचं, केवढी ही तत्त्वनिष्ठा.

काकांना लग्न करायला सवड मिळाली नव्हती, असं ते सांगत. खरं म्हणजे त्यांना विचारायचं धाडस कुणाला झालं नसावं. त्यांचं कुटुंब म्हणजे एक थोरली बहीण. तिला सगळी कचेरी ताई म्हणायची, कारण रोज दुपारी एक वाजता तिचा फोन यायचा आणि तो अख्ख्या मजल्याला ऐकू जायचा. ताई शहरापासून चार तासांवर एका टेकडीच्या माथ्यावर राहायची आणि तिथलं हवामानकेंद्र सांभाळायची. केंद्र म्हणजे कुंपणातली पांढरी जाळीदार पेटी, एक पर्जन्यमापक, वाऱ्याची दिशा दाखवणारा एक बाण, आणि ताई. तिच्या सासऱ्यांनी ते सुरू केलं, मग नवऱ्याने चालवलं, आणि नवरा अवेळी गेल्यावर तिने. सकाळ-संध्याकाळ दोन नोंदी. वय अडुसष्ट. तिला निवृत्त व्हायला सांगण्यासाठी कुणीतरी टेकडी चढणं भाग होतं, आणि तेवढा उत्साह खात्यात नव्हता.

"जेवलास का?" हा तिचा पहिला प्रश्न.

"जेवलो."

"खोटं. आवाज रिकाम्या पोटाचा आहे. बाईंना दे फोन. बाई, हा जेवला का हो?"

"अर्धा डबा संपलाय, ताई."

"बघ! साक्षीदार असलेला बरा."

आई-वडील गेले तेव्हा काका नऊ वर्षांचे होते. ताईने त्यांना आपल्यासोबत सासरी आणलं आणि मोठं केलं. हे काकांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण टेकडीवरून निघालेली नोंद पडद्यावर उमटेपर्यंत ते सकाळचा चहा घेत नसत, हे बाईंनी बघितलं होतं.

त्या वर्षी ताईच्या केंद्राला शंभर वर्षं पूर्ण होत होती. अशा केंद्रांना आंतरराष्ट्रीय समिती एक पितळी पाटी द्यायची. अट एकच, नोंदींत सलग दहा दिवसांपेक्षा मोठी खोट नको. ताईच्या केंद्रात कधी एका दिवसाचीही खोट नव्हती. तिने पत्र येण्याआधीच दाराशेजारच्या भिंतीत खिळा ठोकला, आणि फोनवरून ठोकतानाचा आवाजही ऐकवला. "सासऱ्यांची सेहेचाळीस वर्षं, ह्यांची तेरा, माझी एक्केचाळीस," ती म्हणाली. "ह्यांचं नाव कुठे लागलं नाही रे कधी. पाटीवर नाव नसलं तरी चालेल. मी सांगेन येणाऱ्या-जाणाऱ्याला."

आणि त्याच वर्षी मोठी सुधारणा आली.

समितीने ठरवलं की यापुढे प्रत्येक नोंदीसोबत तिचं मूळही सांगायचं. ती कुणी, कशी घेतली. त्यासाठी एक छोटंसं कोष्टक, शून्य ते सात, मोजून आठ जागा. यंत्राने आपोआप मोजलं तर शून्य. माणसाने यंत्रावर वाचलं तर एक. माणसाने तिथे उभं राहून नजरेने अंदाज केला तर दोन. गणिताने काढलं तर तीन. चार नंबर एका जुन्या यंत्राचा, यंत्र मोडीत, म्हणून जागा निवृत्त. पाच उपग्रहाचा. सात म्हणजे अर्थातच माहिती नाही. आणि सहा रिकामी. पुढे कधी एखादं थोर यंत्र निघालं तर त्याच्यासाठी राखून ठेवलेली, आठांतली शेवटची मोकळी जागा. तिच्यावर मोठमोठ्या देशांचा डोळा होता.

जुन्या नोंदींनाही हे मूळ चिकटवायचं होतं. साहेबांनी बाईंना बोलावलं. साहेब म्हणजे ज्यांना सगळं मार्चपर्यंत हवं असतं असे गृहस्थ. बाईंनी एक प्रोग्रॅम लिहिला. तो जुन्या नोंदी वाचायचा आणि कुठे काही वावगं दिसलं तर लाल खूण करायचा. देशभरच्या केंद्रांतून लाल खुणांचं रान उठलं. कुठे थर्मामीटर फुटलेला असताना तापमान आलं होतं, कुठे वारा तीन महिने एकाच दिशेने वाहत होता. काका एकेक खूण बघत आणि शांतपणे निकाल देत, "सात. सात. दोन. ह्या माणसाला मी ओळखायचो, हा आळशीच होता. सात."

मग एका सकाळी ताईच्या केंद्रावर लाल खूण उठली. एक्केचाळीस वर्षांपूर्वीचे सलग अकरा दिवस. बावीस नोंदी.

बाईंना आधी आपल्या प्रोग्रॅमचीच चूक वाटली. पण चूक नव्हती. खऱ्या नोंदींत तापमानाच्या दशांशात शून्यही येतो, पाचही येतो. या बावीस नोंदींत एकदाही नाही. दोन, सात, तीन, आठ, सात, चार. ज्याला आकडे मनाने लिहायचे असतात त्याला पूर्ण आकडा लिहायची भीती वाटते. तो खोटा दिसेल असं त्याला वाटतं. आणि पाऊस, अकराही दिवस शून्य.

बाईंनी मूळ वहीची छायाचित्रं मागवली. ती आली. मागची-पुढची पानं ताईच्या गोल, भरदार अक्षरात. मधली अकरा वेगळ्या हाताची. हडकुळे, वर वर जाणारे आकडे, आणि सातच्या पोटात एक आडवी रेघ.

बाईंनी मान वळवून शेजारच्या टेबलाकडे बघितलं. काका नव्या कोष्टकाच्या मसुद्यावर खुणा करत होते. 'सात: माहिती नाही.' सातच्या पोटात आडवी रेघ.

दोन दिवस बाई गप्प राहिल्या. हे त्यांच्या स्वभावाला इतकं सोडून होतं की तिसऱ्या दिवशी काकांनीच विचारलं, "बाई, बरं नाही का?"

बाईंनी छायाचित्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं. काकांनी ते चष्म्याजवळ धरलं. एक वाजला, फोन वाजला, वाजून थांबला. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा तो कुणी उचलला नाही.

"हा सात माझा आहे," ते शेवटी म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. मेव्हणे जाऊन चार महिने झाले होते. ताईला त्यांच्या जागी तात्पुरतं घेतलं होतं. नोंदी नीट पाठवल्या तर कायम करू, असं पत्र होतं. आणि ताईला टायफॉइड झाला. काका एकोणीस वर्षांचे. त्यांनी तिला टेकडीखालच्या गावातल्या इस्पितळात आणलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. वर जाणारी बस दिवसातून एक. नोंदी घ्यायच्या तर वर राहायला हवं, आणि वर राहिलं तर...

"मी उठलोच नाही बाकावरून," काका म्हणाले. "वही बरोबर आणली होती. इस्पितळाशेजारी तारघर होतं. सकाळी एक तार, संध्याकाळी एक. मनाला येतील ते आकडे. मला वाटलं, रिकामं ठेवलं तर तिची नोकरी जाईल. 'माहिती नाही' अशी खूण असते हेच मला माहीत नव्हतं, बाई. नियम पुढे वाचले. सगळे वाचले."

"ताईंना माहीत आहे?"

"नाही. बरी होऊन वर आली, कायम झाली. काय सांगणार होतो?"

बाईंनी अकरा दिवस मनातल्या मनात मोजले. "काका, दहा दिवसांची खोट चालते. दहांना सात द्या आणि एका दिवसाला दोन. अंदाज. पाटी वाचेल. फक्त एक दिवस."

"अंदाज म्हणजे माणूस तिथे उभा होता. मी अकरा किलोमीटर लांब बसलो होतो. भिंतीकडे तोंड करून. ते बाकडंच तसं होतं."

"मग सगळ्यांना सात. माहिती नाही."

"पण माहिती दिलेली आहे ना. खोटी दिलेली आहे. सात लिहिलं तर जगाला वाटेल, ताई कामावर आली नाही."

बाईंना तेव्हा कळलं की हा माणूस ज्या आठ खुर्च्यांच्या खोलीची राखण करतोय तिच्यात त्याला स्वतःला बसायला जागा नाही.

आठवड्याने दोघं टेकडीवर गेले. निमित्त सरकारी होतं. नव्या पद्धतीत प्रत्येक केंद्राची उंची नीट मोजून कळवायची होती. टेकडीच्या पायथ्याशी ओढ्यावर एक प्रचंड पूल लागला. खाली वीतभर पाण्यात एक बदक उभं होतं, आणि वरून युद्धनौका जाईल एवढ्या कमानी. बाईंना हसू आलं. "हा कुणी बांधला? आणि कशाला?"

"ताईचा पाऊस," काका म्हणाले. "एका दिवसात दोनशे अठरा मिलिमीटर. टेकडीचा उच्चांक आहे. त्याच्यावरून बांधला."

ताई दारातच उभी होती. भावाच्या निम्म्या उंचीची, दुप्पट आवाजाची. "आलास? वाळलायस. बाई, हा वाळलाय ना? हा बघा खिळा. समईसुद्धा पेलेल इतका ठोकलाय."

काका खुर्चीत बसले नाहीत. त्या खिळ्याखाली उभं राहून त्यांनी सगळं एका दमात सांगितलं. लहान मुलासारखं, हात मागे बांधून. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर वाऱ्याचा बाण या दिशेहून त्या दिशेला वळला.

ताईने डोळ्यांवरचा चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय?"

"गाढवा, मी इस्पितळातून आले तेव्हा सगळ्यात आधी कुठे गेले असेन? पर्जन्यमापकाकडे. बाटली गळ्यापर्यंत भरलेली. आणि वहीत तुझी अकरा शून्यं. खाली गावात थेंब नसेल, पण वर धो-धो पडून गेला होता. मला तेव्हाच कळलं की तू वर फिरकलाच नव्हतास."

"मग?"

"मग काय? मोजलं आणि लिहिलं. दोनशे अठरा. त्या सकाळी मी तेवढंच मोजलं होतं. तो कधी पडला हे वहीत कुणी विचारलेलं नव्हतं."

बाईंच्या डोळ्यांसमोर तो पूल आला, त्याच्या कमानी आल्या, आणि ते बदक आलं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. हसण्याची ती वेळ नव्हती.

"एक्केचाळीस वर्षं तू बोलली नाहीस," काका म्हणाले.

"काय बोलायचं? मला वाटलं, मी मरायला टेकले होते आणि हा कुठेतरी मित्रांबरोबर उंडारत होता. एकोणीस वर्षांचा मुलगा. म्हटलं, विचारलं तर खरं सांगेल, आणि ते ऐकवणार नाही. त्यापेक्षा नकोच." तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "तू बाकावर होतास?"

"हो."

"अकरा दिवस?"

"रात्री चौकीदार उठवायचा. मग बाहेरच्या पायरीवर."

ताई उठली आणि आत गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला. एवढी भांडी त्या घरात नव्हती. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि हातात चहा होता.

"पाटीचं काय होईल?"

"जाईल," काका म्हणाले. "मी खरं लिहिलं तर जाईल. नाही लिहिलं तर कुणाला कळणार नाही. बाई कुणाला सांगणार नाहीत. तू म्हणशील तसं."

हे ऐकून बाईंचा कप हातातच राहिला. नियम मोडू का, असं हा माणूस विचारत होता. आजवर त्याने ते फक्त एकदाच केलं होतं, न विचारता, आणि तेही याच ताईसाठी.

ताईने भिंतीकडे बघितलं. खिळ्याकडे नव्हे, खिळ्याशेजारच्या नवऱ्याच्या फोटोकडे.

"ह्यांनी एकदा तापात पेटीपर्यंत रांगत जाऊन नोंद घेतली होती," ती म्हणाली. "ह्यांच्या पाटीवर माझं दोनशे अठरा कसं चालेल रे? लिही. पण असं लिही की वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. आळशी होता असं वाटता कामा नये."

"तशी जागा नाही कोष्टकात."

"मग कर. एवढी वर्षं काय नुसत्या खुर्च्या उबवतोयस तिथे?"

काकांनी जागा मागितली. सहा नंबरची. व्याख्या त्यांनी सतरा वेळा लिहिली: 'निरीक्षक केंद्रावर हजर नसताना लिहिलेली आणि नंतर त्यानेच तशी कळवलेली नोंद.' नियमाप्रमाणे नमुना जोडावा लागतो. नमुना म्हणून त्यांनी ते अकरा दिवस जोडले, स्वतःच्या नावासकट. साहेबांनी कागद बघून कपाळाला हात लावला. "अहो, निवृत्तीला सात महिने राहिलेत तुमच्या!" काका म्हणाले, "म्हणूनच घाई आहे."

समितीची बैठक पडद्यावर झाली. चौदा देशांचे चौदा कोष्टककाका चौदा चौकोनांत बसलेले, सगळ्यांच्या मागे लोखंडी कपाटं. एका मोठ्या देशाने सहा नंबर स्वतःच्या नव्या यंत्रासाठी मागितला होता. त्यांचा माणूस हसून म्हणाला, "खोटी नोंद करणारा स्वतःहून कशाला कळवेल? ही जागा कोण वापरणार?"

"बहुतेक कोणी नाही," काका म्हणाले. "पण एखाद्याला खरं सांगावंसं वाटलं तर त्याला कोष्टकात जागा नाही, असं होऊ नये."

बाई काकांच्या मागे, पडद्यावर दिसणार नाही अशा बेताने उभ्या होत्या. त्यांना दिसलं की तीन-चार चौकोनांतले म्हातारे टेबलावरचे कागद उगाच सारखे करतायत. मत घेतलं. नऊ विरुद्ध पाच.

पुढच्या सुधारणेत, ठरलेल्या बुधवारी दुपारी बाराला, सहा नंबर जगभर लागू झाला. काकांना तेव्हा निवृत्त होऊन चार महिने झाले होते. त्या अकरा दिवसांना बाईंनी स्वतः सहा लावला. दोनशे अठराच्या पुढे 'बारा दिवसांचा एकूण पाऊस' असं आलं, आणि टेकडीचा उच्चांक एकोणनव्वदवर उतरला. पूल आहे तसाच आहे.

पाटी दुसऱ्या एका केंद्राला गेली. ताईच्या खिळ्यावर आता छत्री असते. काका तिथेच राहायला गेले. सकाळची नोंद ते घेतात, संध्याकाळची ताई, आणि ती त्यांची वही रोज तपासते. कचेरीत काकांची सात नंबरची खुंटी रिकामी आहे. बाई नव्या माणसांना तिला हात लावू देत नाहीत.

सहा नंबर आजवर जगभरात बावीस वेळा वापरला गेला आहे. बावीसही नोंदी एकाच केंद्राच्या आहेत.